गच्चीवरचं सात हजार लिटर पाणी

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, मी तेहेतीस वर्षं काढली. आधी दुसऱ्याच्या फाउंड्रीत, मग स्वतःच्या लहानशा मशीन शॉपमध्ये. व्हॉल्व्ह बॉडीचा एकच पीस पाठवायचा असला तरी आत हवेचं प्रेशर देऊन पाण्यात बुडवायचा, बुडबुडा दिसला की बाजूला टाकायचा. हाताखालच्या पोरांना हेच शिकवत आलो. आणि स्वतःच्या घराच्या वेळी मात्र कागद बघून पैसे मोजले. यंदा ज्यांची घरं प्लास्टरला आलीत त्यांनी तरी हे वाचावं.

अनगोळच्या पलीकडे आमचा ४० बाय ६० चा प्लॉट. खाली एक, वर एक मजला. कंत्राटदार ओळखीतलाच, काम तसं वेळेत चाललेलं. मी शेवटचे चार लाख हातात ठेवले होते. एक पावसाळा जाऊ दे, मग देतो, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. हे ठरवण्याइतकी अक्कल होती, ती टिकवण्याइतकी नव्हती.

मार्चमध्ये कंत्राटदार एका माणसाला घेऊन आला. शर्ट इन केलेला, हातात लॅपटॉप, गळ्यात कॅमेरा. म्हणाला, "काका, आता मोठ्या बिल्डिंगांचं एनव्हलप कमिशनिंग करतात. बाहेरच्या भिंती, खिडक्या, गच्ची सगळं टेस्ट करून सर्टिफिकेट." एनव्हलप म्हटल्यावर मला आधी पाकीटच आठवलं. फी साठ हजार. मी कां कूं करायला लागलो तर कंत्राटदार म्हणाला, "काका, कशाला टेन्शन घेऊलालाय? रिपोर्ट ओके आला की तुम्हालाही झोप, मलाबी झोप."

एप्रिलमध्ये तो दोनदा आला. दुपारी उन्हात भिंतींचे थर्मल फोटो काढले, निळे-पिवळे, बघायला छान. मग चाळीस पानांचा इंग्रजी रिपोर्ट. मुखपृष्ठावर एएसटीएम ई २८१३ असा अमेरिकन मानकाचा नंबर ठळक अक्षरात. शेवटच्या पानांवर मी सह्या केल्या. "पावती म्हणून," असं तो म्हणाला होता. मी वाचलं नाही. चष्मा खिशातच होता, तरी नाही.

रिपोर्ट ओके आहे म्हटल्यावर चार लाख कशाच्या तोंडानं अडवणार? दिले. अक्षय तृतीयेला वास्तुशांती झाली, पुरणपोळी झाली.

मृग कोरडाच गेला. आर्द्रात थोडी ओल दिसली, तिला आम्ही नव्या प्लास्टरचा दमटपणा समजलो. तरण्या पावसानं मात्र सोडलं नाही. आमच्याकडे पाऊस सरळ पडत नाही, खानापूर-जांबोटीकडून वाऱ्यावर आडवा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर चार-चार दिवस झोडपत बसतो. गावाला पाणी देणारं राकसकोपचं धरण भरलं म्हणून सगळं गाव खूश होतं, त्याच आठवड्यात आमच्या वरच्या खोलीत खिडकीखाली बादली लागली. बीमच्या रेषेत भिंत फुगली, रंग पापडासारखा सुटला. जिन्याच्या छतातून थेंब.

कंत्राटदाराला बोलावलं. आला, बघितलं, आणि तोच रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "चाचणीत लीक नव्हतं. सही तुमची हाय की." शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं की गच्चीवर ४८ तास पाणी कोंडून आणि खिडक्यांवर फवारा मारून मालकाच्या समक्ष चाचणी घेतली, गळती आढळली नाही. टेस्टवाल्याचा फोन तेव्हापासून बंद. नंतर त्या साइटवरच्याच एका गौंड्यानं हळूच सांगितलं की साठातले वीस कंत्राटदाराकडे यायचे, आणि असं फसलेलं आमचं घर पहिलंच नव्हतं. म्हणजे कमिशनिंगमधलं कमिशन तेवढं खरं होतं.

पुण्याला माझा भाचा काचेच्या दर्शनी भागांचं काम करतो. गणपतीला आला तेव्हा त्याच्यापुढे रिपोर्ट टाकला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मामा, टँकर कुणी आणला?"

मला कळेना. त्यानं पाटीवर मांडल्यासारखं मांडलं. गच्ची १,५०० चौरस फूट. दोन इंच पाणी म्हणजे २५० घनफूट, जवळपास सात हजार लिटर. आमची टाकी हजार लिटरची. महापालिकेचं पाणी रोज नाही. मग सात हजार लिटर आलं कुठून? दोन दिवस कोंडलेलं पाणी सोडल्यावर गल्लीत ओढा वाहतो, शेजाऱ्यांना तरी दिसायला हवा.

ही तेवढ्यात आतून फोन घेऊन आली. भाड्याच्या घराला गच्ची नव्हती, म्हणून एप्रिलमध्ये तिनं सांडगे नव्या गच्चीवर घातले होते आणि फोटो बहिणीला पाठवला होता. १२ एप्रिल. रिपोर्टमध्ये पॉन्ड टेस्ट, म्हणजे ते गच्चीवर पाणी कोंडणं, ११ ते १३ एप्रिल. आमच्या सांडग्यांना पोहता येत नाही.

थर्मल फोटोंचंही तेच. तो कॅमेरा भिंतीच्या आतलं काही बघत नाही, पृष्ठभाग किती गरम-गार आहे एवढंच दाखवतो. ओल असेल तर ती जागा वाळताना गार पडते आणि वेगळी दिसते. एप्रिलच्या कोरड्या भिंतीवर पाण्याचा थेंब न मारता फोटो काढला तर गळतीचं काय दिसणार? आणि ते ई २८१३ म्हणजे दोन दिवसांची टेस्टच नव्हे. भाच्याच्या म्हणण्यानुसार ती पूर्ण कार्यपद्धती आहे, नकाशा काढायच्या आधीपासून लोक राहायला येईपर्यंतची. पाणी कुठून बाहेर जाणार हे कागदावरच विचारायचं, पहिली एक खिडकी बसवून तिच्यावर पाणी मारायचं, मग बाकीच्या. रंग झाल्यावर येणारा माणूस फक्त रंग तपासतो.

दसऱ्यानंतर उघडीप मिळाली तेव्हा त्यानं पाइप लावून खरी चाचणी केली. खालून वर. आधी खिडकीच्या उंबऱ्यावर, थांबायचं, आत बघायचं, मग बाजूचा सांधा, मग वरचा. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं, चोर कोण ते कळत नाही. तिसऱ्या खिडकीलाच सापडला. उंबऱ्याला बाहेर उतार नव्हता, उलट आतल्या बाजूला होता. ॲल्युमिनियमच्या पट्टीतली पाणी जायची भोकं सिलिकॉननं बुजवलेली, बहुतेक दिसायला नीट म्हणून. बीम आणि विटांच्या सांध्यावर जाळी न मारताच प्लास्टर केलेलं, म्हणून ती सरळ रेघेत चीर. कठड्याच्या पायाशी कोपरा गोल करायला सिमेंटचा वाटा मारतात तो नाही, काटकोनातच चीर पडलेली.

दुरुस्तीला दोन लाख ऐंशी हजार गेले. हिशेब केला तर खिडक्या बसवतानाच पाइप धरला असता तर फारसं काही लागलं नसतं, पण आता तो हिशेब करून काय.

वकिलांनी सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल. स्वतःच्या प्लॉटवर कंत्राटदाराकडून बांधून घेतलेल्या घराला रेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवरच्या कायद्याचा, आधार मिळत नाही. फ्लॅट घेणाऱ्यांना तो मिळतो, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरनं ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचं. आमच्यासारख्यांना जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याप्रमाणे, दोन वर्षांच्या आत. सांडग्यांचा फोटो तारखेसकट जोडलाय. माझी सही मात्र विरुद्ध बाजूला उभी आहे, आणि वकील म्हणतात तिला उत्तर द्यावं लागेल.

दुरुस्तीनंतर या मे महिन्यात मी स्वतः दोन टँकर मागवले. दारं-मोऱ्या बंद करून गच्ची भरली. कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून ही तीन दिवस कुरकुरली. शेजारचं पोरगं कागदी होड्या सोडून गेलं. मी खडूनं कठड्यावर पाण्याची रेघ मारली, रोज सकाळी रेघ बघायची, मग खाली येऊन बॅटरी घेऊन छताच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं, ते उन्हानं. छत कोरडं होतं.