'हलाल सौदा' म्हणून गळ्यात मारलेला लॅपटॉप

जुना लॅपटॉप घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचा. विक्रेत्याची दाढी-टोपी बघून निर्धास्त होणाऱ्यांनी तर नक्कीच. मी स्वतः मुसलमान आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

ऑनलाइन विक्रेता होता. जाहिरातीवर 'हलाल कमाई, शरियतप्रमाणे सौदा'. बोलणं सलामने सुरू, दुआने संपायचं. 'कंपनीनेच दुरुस्त केलेला, जेमतेम वापरलेला' म्हणून माल पाठवला. वॉरंटी तपासायला सिरियल नंबरही आधी दिला होता आणि तो कंपनीच्या साइटवर बरोबर निघाला. बिल मागितलं तर म्हणाला, "भाईजान, जबान दिलीय, कागद कशाला?"

थोड्याच दिवसांत बॅटरी फुगून टचपॅड वर आलं. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण काढलं, तर बिजागरीचे तुटलेले खांब चक्क गोंदाने चिकटवलेले. मग त्याने बायोस, म्हणजे मशीनच्या आतली मूळ सेटिंग, उघडून दाखवली. आतला सिरियल नंबर वेगळा, तळाच्या स्टिकरवरचा वेगळा! स्टिकर दुसऱ्याच मशीनचा. खरेदी करताना हे दोन्ही नंबर एकाच व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की सौदा सोडा.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "विकलेला माल परत नाही, अल्लाहची मर्जी."

अल्लाहची मर्जी कशी? 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली ही हदीस, म्हणजे प्रेषितांची आठवण, मदरशातल्या पोरांनाही पाठ असते. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणारा माझा नव्हे, असं बजावलं. लपवलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, 'खियारे-ऐब' म्हणून मान्य आहे. माझ्या मशीनमध्ये तर ओल मुद्दाम खाली दाबली होती.

देशाचा कायदाही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. तक्रार 2 वर्षांच्या आत, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मालासाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. बिल नसलं तरी पैसे भरल्याची नोंद, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपा. माझी तक्रार त्यावरच उभी आहे.

नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला. "आपण एका कौमचे, कोर्टकचेरी कशाला? निम्मे घ्या, मिटवून टाका."

मी म्हटलं, मिटवू की. पूर्ण पैसे, आणि लेखी.