पार्टटाइम इंजिनिअरिंग डिग्री : साडेतीन स्टार

दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी सहाला वर्गात, अशी चार वर्षं काढलीत म्हणून लिहितोय. शिकवणं भारी, कारण बाकांवर निम्मे लोक स्वतः मशीनवर काम करणारे, सरांनी बेअरिंगचं आयुष्य काढायचं सूत्र फळ्यावर लिहिलं की मागून कोणीतरी म्हणणारच, सर ग्रीस वेळेवर नाही पडलं तर हा आकडा कागदावरच राहतो, आणि मग पुढचा अर्धा तास त्यातच. दिवसाच्या कॉलेजात हे कुठलं मिळायला!

आयडिया तशी जुनीच आहे. जॉर्ज बर्कबेक नावाच्या प्राध्यापकाने स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १८०० साली कारागिरांसाठी फुकट लेक्चर्स सुरू केली, १८२३ मध्ये लंडनला मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन निघाली, तिचंच पुढे बर्कबेक कॉलेज झालं, संध्याकाळच्या वर्गांसाठीच ओळखलं जाणारं.

लॅबचा मात्र वैताग. साडेआठ वाजले की असिस्टंट किल्ली वाजवत दारात, आमची रीडिंग्ज अर्धवट, लायब्ररी तर आधीच बंद (फी दिवसावाल्यांइतकीच बरं का). प्रॅक्टिकल्स शनिवारी ठेवली असती तर अजून एक स्टार दिला असता.