रिसॉर्टची कोरीव पाटी: फायबर की सिमेंट?

कमानीवर चढवायची असेल तर फायबरच, म्हणजे काचेच्या तंतूंवर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) लावून केलेला थर. ३ मिमी जाडीचा फायबरचा थर चौरस मीटरला साधारण ४-५ किलो भरतो, २५ मिमी सिमेंटचा ६० किलोच्या आसपास. पण आकारासाठी कोरलेल्या थर्मोकोलवर थेट पॉलिस्टर रेझिन लावलं, की थर्मोकोल विरघळतो आणि पाटीवरच्या वाघाचं नाक बसलंच! आधी इपॉक्सीचा (थर्मोकोल न विरघळवणाऱ्या रेझिनचा) हात द्या. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर (ते घट्ट करणारं द्रव्य) १ ते २ टक्के. हा हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात ते द्रव्य) एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो.

जमिनीवरच्या नकली खडक-बुंध्याला मात्र सिमेंट बरं. सळईचा सांगाडा, कोंबडी जाळी, १:३ माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू). माल अर्धवट आवळला की साल कोरायची. तारेच्या ब्रशने रेषा झकास उठतात. सात दिवस पाणी मारायचा कंटाळा केला, तर बारीक भेगांतून पाणी शिरून जाळी गंजते.