जुन्या पद्मिनीचे वायरिंग आणि माझे ४७,२५० रुपये

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या परिसरात राहतो आणि वीज मंडळात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. नोकरीचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण माझी फसवणूक विजेच्याच बाबतीत झाली आणि ती लपवून ठेवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

गाडी वडिलांची, १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. त्यांच्या पश्चात ती बरीच वर्षे झाकून ठेवलेली होती. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले, ते पाहून घरी आलो आणि आपलीही गाडी रस्त्यावर आणावी असे मनाने घेतले. इंजिन सुरू झाले, ब्रेक झाले; विजेचे दुखणे मात्र राहिले. सकाळी स्टार्टर जेमतेम फिरे, बॅटरी पुरेशी चार्ज होत नसे आणि चोकची (थंड इंजिन सुरू करताना डॅशबोर्डवरून ओढायची) तार कधीकधी हाताला चांगलीच गरम लागे. ती इंजिनच्या उष्णतेने तापत असावी, असे मी मानून चाललो.

ओळखीच्या एका सभ्य गृहस्थांनी जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे नाव सुचवले. तो घरी आला, मला ‘काका’ म्हणाला, मोबाइलवर दुरुस्त केलेल्या गाड्यांची छायाचित्रे दाखवली. मग त्याने बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची केबल सोडवली, टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरला आणि तो पेटताच म्हणाला, “काका, आखुं वायरिंग गयुं छे.” म्हणजे सगळेच वायरिंग गेले.

मी थांबायला हवे होते ते इथे. गाडीचे दार उघडे होते. आमच्या गाडीत दार उघडले की छतावरचा दिवा लागतो. ती सोय वडिलांनी स्वतः करून घेतलेली. सौ. चहा घेऊन अंगणात आल्या होत्या आणि त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले, “अहो, आतला दिवा चालू राहिलाय का?” मी त्यांना हाताने गप्प राहण्याची खूण केली. टेस्ट लॅम्प पेटला होता तो मंद, तांबूस. कारण छतावरचा दिवा आणि तो असे दोन दिवे एकापाठोपाठ जोडले जाऊन बारा व्होल्ट वाटून घेत होते. सरळ शॉर्ट असता तर तोच दिवा पूर्ण तेजाने पेटला असता. हे मी नोकरीत नव्याने लागलेल्या मुलांना शिकवले आहे, आणि माझ्याच अंगणात, बायको सांगत असताना, मला दिसले नाही. ही चाचणी कोणी तुमच्यासमोर केली तर आधी सगळी दारे बंद करायला लावा, मग एकेक फ्यूज काढून दिवा कधी विझतो ते पाहा. विझला की दोष त्या फ्यूजच्या मार्गावर आहे. त्यासाठी संपूर्ण वायरिंग बदलावे लागत नाही.

माझ्या बाजूने एवढेच म्हणतो की बहात्तराव्या वर्षी गाडीखाली शिरवत नाही, आणि मुंबईहून न वापरलेले जुने अस्सल वायरिंग आणून बसवतो असे तो म्हणाला, तसे ते मिळते हे काही खोटे नाही. अशा साठ्यातला माल खरोखर विकला जातो. म्हणूनच तर थाप पचते.

वायरिंगचे २१,५००, त्यांपैकी १२,००० आगाऊ, मोबाइलवरून. डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, नव्याने भरण्याचे (आतली तार नव्याने गुंडाळण्याचे) ६,८००. कट-आउट, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच, ३,२५०. नवी बॅटरी ५,९००. मजुरी ८,०००. गाडी ओढून नेण्या-आणण्याचे ९०० प्रमाणे दोन खेपांचे १,८००. आगाऊ रक्कम सोडून बाकी सगळे रोख, कारण पक्के बिल घेतले तर कर वाढेल असे तो म्हणाला आणि मलाही ते सोयीचे वाटले. हातात उरली ती वहीच्या पानावरची आकडेमोड.

गाडी पाच आठवड्यांनी आली आणि आठ दिवस उत्तम चालली. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी जोडली की असे दोष काही दिवस झाकले जातात. नवव्या दिवशी सकाळी स्टार्टर पुन्हा कण्हू लागला. तेव्हा कुठे मी मल्टिमीटर बाहेर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरे इंजिनच्या ब्लॉकला लावून मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. तेथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, आला ४.१. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ते बॉडीला तांब्याच्या विणलेल्या पट्टीने जोडावे लागते. ती पट्टी आतून हिरवी पडून कुजली होती. स्टार्टरचा विद्युतप्रवाह परतीची वाट शोधत चोकच्या तारेतून जात होता, म्हणून ती तापत होती. डायनामोचे अर्थिंगही त्याच पट्टीवर अवलंबून असल्याने चार्जिंग कमी. नवी पट्टी २२० रुपयांची, बसवायला पंचवीस मिनिटे.

मग मी डॅशबोर्डखालची नवी काळी टेप उलगडली. आत तेच जुने वायरिंग, आणि छतावरच्या दिव्यासाठी वडिलांनी डाग देऊन केलेला जोड, त्यांच्या सवयीप्रमाणे लाल टेप गुंडाळलेला. काढलेले जुने वायरिंग पोत्यात भरून परत मागा. देत नसेल तर ते काढलेलेच नाही असे समजा.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा हा मजुरीचा वाद आहे, दिवाणी आहे, असे सांगण्यात आले, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे असे मी म्हटल्यावर “काका, तुम्ही वकील आहात का?” असा प्रश्न आला. तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पण पोच द्यायला शिक्का सापडत नव्हता, आणि डायनामो बदलला गेल्याचे सांगताच तो मूळचा माझाच होता याचा पुरावा म्हणून खरेदीची पावती मागण्यात आली, म्हणजे १९७८ ची. ग्राहकांसाठीच्या हेल्पलाइनवर दुकानाचा जीएसटी क्रमांक विचारला. तो असता तर पक्के बिल नसते का, असे मी म्हणालो, त्यावर अकरा दिवसांनी तक्रारीचे निराकरण झाल्याचा संदेश आला. कोणाचे निराकरण झाले ते कळले नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तेथे मोबाइलवरच्या १२,००० रुपयांच्या नोंदीसह तक्रार दाखल केली आहे. रोख दिलेल्या रकमेबद्दल माझा शब्द आणि ते वहीचे पान, एवढेच आहे.

डायनामोचे दुःख पैशांहून अधिक आहे. परत आलेला डायनामो रंग मारून चकचकीत केलेला आहे, पण आमचा नाही. गाडी देण्याआधी प्रत्येक भागाचा क्रमांक टिपून छायाचित्र काढा, मी काढले नव्हते. आमच्या डायनामोच्या मागच्या झाकणावर वडिलांनी कानशीने शेजारीशेजारी दोन आडव्या खुणा केलेल्या होत्या. वडोदऱ्यात किंवा आसपास कोणाला पद्मिनीचा जुना डायनामो विकत घेण्याची वेळ आली, तर झाकण उलटे करून एकदा पाहावे.