एल-१ फुटल्यावर: पाठीतून की कुशीतून?

आंब्यावरून पडलो, कमरेचा पहिला मणका, म्हणजे एल-१, फुटला. उजवं पाऊल उचलेना, लघवीला नळी लागली. ऑपरेशन हवंच यावर दोन्ही सर्जनांचं एकमत होतं. मणक्याच्या दुखापतीला ऑपरेशन लागेल का हे गुणांवरून ठरवणारी २००५ सालची टीएलआयसीएस पद्धत आहे; जास्त गुण म्हणजे ऑपरेशनकडे कल. तीत अर्धवट लकव्याला ३ गुण आहेत, पूर्ण लकव्याला २. थोडी तरी शाबूत असलेली नस सोडवायची घाई जास्त. प्रश्न होता तो वाटेचा.

पाठीतून म्हणजे पालथं निजवून वरखालच्या मणक्यांत स्क्रू, त्यांना रॉड आणि मागचं हाड काढून नसेला जागा. कुशीतून म्हणजे बहुधा डावीकडून, कारण उजवीकडे यकृत आड येतं. बरगडी काढायची, श्वासपटल सोडवायचं, फुटका मणका काढून तिथे आधाराला पिंजरा बसवायचा. न्यायाने सांगायचं तर नसेवर रुतलेला तुकडा पुढूनच समोर दिसतो. मागून रॉड ताणला की लिगामेंटच्या, म्हणजे मणके बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, ओढीने तो सरकतो, पण पूर्ण सरकेलच असं नाही.

माझा निर्णय खोकल्याने केला: पाठीतून. पडताना डाव्या दोन बरगड्यांना तडे गेले होते. साधा ठसका आला तरी घामाघूम व्हायचो. शेजारच्या खाटेवरच्या काकांचं कुशीतून झालं होतं. छातीत नळी, आणि फुफ्फुसांच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढताना डोळ्यांत पाणी. वॉकर धरायचा तर सगळा भार हातांवर, म्हणजे पुन्हा बरगड्यांवरच. ते दहाव्या दिवशी उभे राहिले, मी चौथ्या. दोघांची दुखापत सारखी नव्हती, हे मान्य. तरी त्या रात्री मी आजही विसरलेलो नाही.

पाठीतून केल्याची किंमतही आहे. चार सांधे जखडलेत, खाली मांडी घालून जेवायला वाकता येत नाही.

तुमच्या सर्जनना दोन गोष्टी मात्र विचाराच. एमआरआयमध्ये मागची लिगामेंट तुटलीत का? तुटली असतील तर पाठीतून बांधावंच लागतं. आणि मणक्याचा किती चुरा झालाय? १९९४ ची ३ ते ९ गुणांची लोड-शेअरिंग मोजणी आहे. ६ च्या वर गेलं तर वरखालच्या एकेकाच मणक्यापर्यंतची मागची आखूड बांधणी एकटी दगा देऊ शकते, तेव्हा पुढचा आधार, म्हणजे पिंजरा, टाळू नका. तसं नसेल तर मी पाठीकडेच झुकेन.

लघवीची नळी तिसऱ्या महिन्यात निघाली. उजवी चप्पल अजून पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर कळतं.