अर्जंट मालाची गाडी: कंपनीचा कंटेनर, मालकाची आयशर की स्वतःची पिकअप?

भाचा राजगुरुनगरचा, वय चोवीस, दोन वर्षं कॅब चालवून वैतागलेला. दिवाळीत आला आणि फराळाला हात लावायच्या आधीच म्हणाला, "मामा, चाकणला अर्जंट मालाला लय पैसे आहेत म्हणतात. घालू का पिकअप?" मी स्वतः अकरा वर्षं स्टिअरिंगवर काढली, आता भोसरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या लावायचं काम करतो. त्याला तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न महिन्यातून दोन-तीन पोरं तरी विचारतात.

आधी अर्जंट म्हणजे काय ते. पुण्याजवळच्या चाकण, तळेगाव, रांजणगावचे गाड्यांचे कारखाने पार्टचा ढीग लावून ठेवत नाहीत, तासांच्या हिशोबाने मागवतात. एखादा ब्रॅकेट कमी पडला की लाइन थांबते, आणि त्याचा भुर्दंड पार्ट देणाऱ्याच्या बिलातून कापला जातो. म्हणून भोसरीतला प्रेस शॉपवाला (पत्रा दाबून पार्ट काढणारा) रात्री दोन वाजता दोनशे किलो मालासाठी अख्खी गाडी करतो. त्या गाडीत दुसऱ्याचा माल चढत नाही, वाटेत काही उतरत नाही.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांचे व्हिडिओ बघून येणारेही भेटतात. तिकडे ट्रकवाल्याला 14 तासांच्या ड्युटीत 11 तासच चालवता येतं आणि ते गाडीतलं यंत्र मोजतं. म्हणून लांबच्या घाईच्या मालाला दोघांची जोडी लागते, बऱ्याचदा नवरा-बायकोचीच. आपल्याकडे 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यापासून दिवसाचे 8 तास लिहिलेत, पण ते मोजणारं यंत्र गाडीत नसतं. झोप आपली आपणच मोजायची.

कंपनीचा कंटेनर

एक्स्प्रेस पार्सलवाल्यांचे बंद बॉडीचे कंटेनर ठरलेल्या वेळेला सुटतात. पुणे-बेंगळुरू साधारण 840 किलोमीटर, बऱ्याचदा डबल ड्रायव्हर. पगार ठरलेला, बऱ्या कंपनीत पीएफ, आणि गाडी हबवर सहा तास उभी राहिली तरी तुमच्या खिशाला झळ नाही. नवीन गाडी मिळाली तर एसीही असेल: 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला तो सक्तीचा झालाय. इतकी वर्षं घामाने भिजलेला टॉवेल मानेला गुंडाळून चालवलं, तेव्हा कुणाला सुचलं नाही.

अडचण लायसन्सची. हलक्या गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स निघत नाही, आणि वय किमान 20 लागतं. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. शिकायचंच असेल तर कुणाच्या मागे किन्नर (क्लीनर) म्हणून दोन वर्षं घासण्यापेक्षा पुणे-नाशिक रोडवरच्या सीआयआरटी या वाहतूक प्रशिक्षण संस्थेकडे चौकशी करा. घरी मात्र आठवड्यातून एखाद-दुसरी रात्र मिळेल. लग्न ठरलेल्या पोराला मी हे काम सुचवत नाही.

मालकाची आयशर

चौदा किंवा सतरा फुटी आयशर, मालकाच्या तीन-चार गाड्या, एखाद-दोन कारखान्यांचं बांधलेलं काम. पगार आणि फेरीमागे भत्ता. लायसन्सचा घोळ इथे बराच सुटलाय: 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलो ग्रॉस वजनापर्यंतची (गाडी आणि माल मिळून) मालगाडी चालवता येते. आरसीवरचा आकडा तेवढा वाचून घ्या. "छोटीच आहे की" या मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

हे काम शिकवतं भरपूर. माझ्या दुसऱ्या महिन्यातली रात्र सांगतो. माल होता लोखंडी बिनमध्ये, म्हणजे मोठ्या पेट्यांत, जेमतेम चार बिन. भोसरीहून चाकणला पाऊण तासात पोचलो, वर स्वतःवर खूश. गेटवर सिक्युरिटीवाल्याने आधी पायांकडे पाहिलं. माझ्या पायात चपला. सेफ्टी शूज नाहीत, चाकाला लावायचे ठोकळे नाहीत, आत सोडणार नाही. शेजारच्या ड्रायव्हरचे बूट मागून घेतले, एक नंबर लहान. मग कागद. निघायच्या आधी मालकाने गाडी बदलली होती, पण मालाच्या डिलिव्हरी चलनावर जुन्याच गाडीचा नंबर. आत लाइन थांबायला आली होती आणि मी बाहेर लंगडत भोसरीला फोन लावत होतो. रस्त्यावर वाचवलेली सगळी मिनिटं गेटवर गेली, वर दोन तास.

आता ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आहे, तर हीच चूक जास्त महागात पडते. राज्याबाहेर 50,000 रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या मालाला ते लागतं, आणि गाडी बदलली की त्याच्या भाग ब मध्ये नवा नंबर टाकावाच लागतो. निघण्याआधी नंबर प्लेट आणि कागद शेजारी-शेजारी धरून वाचायची सवय मला त्या बुटांनी लावली.

आयशरवर जाण्याआधी मालकाला पगाराआधी वेटिंगचं विचारा. गेटवर चार तास गाडी अडकली तर कारखाना मालकाला पैसे देतो का, आणि दिले तर त्यातले तुम्हाला किती? बहुतेक मालक या प्रश्नाला हसतात. जो आकडा सांगतो त्याच्याकडे कामाला राहा, पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी. जादा मालाच्या दंडाचंही तेव्हाच बोलून घ्या: कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 आहेत, आणि "अर्जंट आहे, दोन बिन अजून टाक" हे वाक्य रोज ऐकू येतं.

स्वतःची पिकअप

भाच्याचा जीव इथेच अडकलेला. समजा नऊ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो 19,345. महिन्याचे 26 दिवस कामाचे धरले तर रोज सकाळी डोळे उघडताच 744 रुपयांचं देणं. यात विमा नाही, टायर नाहीत, पासिंग नाही. साडेसात टनांच्या आतल्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच 2022 च्या दरपत्रकात वर्षाला 16,049 आहे. ग्रॉस वजन 3,000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, तेवढी सुटका. छोटा हत्ती (टाटा एस) त्यात आरामात बसतो. पिकअपचं मात्र मॉडेलवर आहे.

आता एक भाडं घेऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला अर्जंट माल, जाऊन-येऊन 450 किलोमीटर. बाराचं अॅव्हरेज धरलं तर साडेसदतीस लिटर. डिझेल नव्वदने धरा, 3,375 रुपये. टोल वेगळा. कारखाना भाडं एकाच बाजूचं देतो, घाई त्याला जातानाच असते. येताना रिकामी यायचं, की वाळूजच्या नाक्यावर दलालाच्या पाठीमागे रात्र काढून अर्ध्या भावात परतीचा माल भरायचा? पिकअपवाल्याचा सगळा धंदा या एका प्रश्नावर आहे. ज्याची वाळूजला ओळख आहे तो कमावतो. ज्याची नाही, त्याला जातानाचं भाडं बघून वाटतं कमावलं, आणि महिनाअखेरीला बँकेचा मेसेज येतो.

भाडं ठरवताना परतीचं डिझेल त्यातच धरून बोलायला हवं. नवा माणूस ते बोलत नाही, भाडं हातचं जाईल म्हणून घाबरतो. शिवाय बिल निघतं पंचेचाळीस दिवसांनी, पंपावर पैसे लागतात आत्ता. दोन महिन्यांचं डिझेल आणि दोन हप्ते बाजूला नसतील तर गाडी बुक करू नका. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. बहिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडून द्या.

अॅपवर गाडी लावायचाही मार्ग आहे. भाडी मिळतात, पण ती शहरातली फर्निचर-किराण्याची. त्यातून कारखान्याचा डिस्पॅचवाला तुम्हाला ओळखायला लागत नाही, आणि रात्री दोनला फोन तोच करतो. गाडी रिकामी उभी राहू नये एवढ्यापुरतं अॅप ठीक.

माझं मत विचाराल तर: हातात हलक्या गाडीचं लायसन्स आहे आणि घरी रोज यायचंय, तर वर्षभर मालकाची आयशर. गेट कळतात, डिस्पॅचवाले तोंडओळखीचे होतात, आणि कुठल्या कारखान्यात माल पटकन उतरतो ते दुसऱ्याच्या डिझेलवर समजतं. घरचा पाश नाही आणि मोठी गाडी आवडते, तर कंटेनर. पिकअप त्यानंतर, तीही परतीच्या मालाची दोन गावं पक्की असतील तरच.

भाचा पाडव्यानंतर मोशीच्या एका मालकाकडे आयशरवर लागला. मी त्याला एक वही दिली, गेटवर आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहायला. गेल्या महिन्याची बेरीज परवा दोघांनी बसून केली: 61 तास उभा होता, त्यातल्या 19 तासांचे पैसे मिळाले.