मेक मॉड की रेग्युलेटेड? दोन्ही वापरून झाल्यावर

मॉड म्हणजे ई-सिगारेटचा (वेपचा) सेल आणि बटण असलेला खालचा भाग. मेक म्हणजे मेकॅनिकल, आत चिप नसलेला; रेग्युलेटेड म्हणजे ज्यात चिप ताकद सांभाळते तो. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. रोज वापरायचं असेल तर रेग्युलेटेड घ्या. मेक घ्यावा तो हौस असलेल्याने, ज्याला मल्टिमीटर धरता येतो आणि ओहमचा नियम शाळेबरोबर संपलेला नाही त्याने. तोही दुसरा मॉड म्हणून. नुसती सिगारेट सोडायची असेल तर दोन्हीच्या भानगडीत पडू नका, साधा पॉड (छोटी तयार ई-सिगारेट) पुरतो. आणि सिगारेट ओढतच नसाल तर यातलं काहीच तुमच्यासाठी नाही.

हा अनुभव इंग्लंडातला आहे, मी लेस्टरला असतो. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. तिथे या वस्तू बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; नुसत्या साठवणुकीला शिक्षा याहून कमी. मिरजेचा चुलत भाऊ दर खेपेला फोनवर म्हणतो, "दादा, येताना एखादं घेऊन ये की." त्याला मी विचारतो, विमानतळावर धरलं तर तुझं नाव सांगू का? गावी जाताना माझे दोन्ही मॉड इथेच राहतात आणि खिशात निकोटीनचं च्युइंगगम असतं.

आता मुद्द्यावर. माझ्याकडे एक पितळी नळी आहे, १८६५० आकाराच्या एका लिथियम सेलवर चालणारी, बटण बुडाशी. दुसरा दोन सेलचा रेग्युलेटेड डबा, स्क्रीनवाला. तुलना न्याय्य व्हावी म्हणून बरेच दिवस एकच ड्रिपर (वर बसणारी वाटी, जिच्यात लिक्विड थेंबाथेंबाने हाताने टाकतात) आणि एकच कॉइल (लिक्विडची वाफ करणारी तापती तार) दोन्हींवर फिरवली: ०.२५ ओहम, लिक्विड ३ मिलिग्रॅमचं (म्हणजे दर मिलीला एवढं निकोटीन), ७० टक्के ग्लिसरीन. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतोय. या दोन जातींतला फरक कंपनी बदलून बदलत नाही.

मेकमध्ये आत काहीच नसतं. सेल, धातूची नळी, बटण, वर कॉइल. बटण दाबलं की सर्किट पूर्ण, सोडलं की तुटलं. चिप नाही, वायर नाही, फ्यूज नाही. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. ०.२५ ओहमवर १६.८ अँपिअर करंट वाहतो आणि कागदावर ७० वॅट होतात. दुपारपर्यंत सेल ३.७ वर येतो, तेव्हा तीच कॉइल ५५ वॅट देते. ३.४ ला ४६. हे आकडे कागदावरचे; प्रत्यक्षात बटण दाबल्या क्षणी सेलचं व्होल्टेज आणखी थोडं बसतं, आणि नळीच्या आट्यांत, बटणाच्या टोकाशी जे काही मळकट असेल ते आपला वाटा काढून घेतं. त्यामुळे सकाळचा पहिला झुरका अंगावर येतो, जेवणानंतरचा झकास लागतो आणि संध्याकाळी वाफ कोमट व्हायला लागते. काहींना हा उतार आवडतो. सेल कधी बदलायचा हे जिभेला कळतं, म्हणतात. मला पहिले काही आठवडे त्यात मजा वाटली. पुढे घरून निघताना न चुकता दुसरा सेल खिशात टाकायला लागलो, कारण उतारावरचा झुरका मी झुरका धरेनासा झालो होतो.

चवीबद्दल मात्र मेकचं म्हणणं मान्य करावं लागेल. जाड क्लॅप्टन तार (तारेवर बारीक तार गुंडाळलेली) असेल तर मेकवर ती बटण दाबताच तापते, मधे कोणी विचारपूस करत नाही. स्वस्त रेग्युलेटेड डबे तिथे अर्धा सेकंद अडखळतात. त्या अर्ध्या सेकंदात झुरक्याची लय जाते. चांगल्या चिपवर हा फरक जवळपास उरत नाही, पण चांगल्या चिपचे पैसे मोजावे लागतात.

देखभाल हा मेकचा खरा संसार. पितळ काळं पडतं. बाहेरून पडलं तर बिघडत नाही, कित्येकांना तो काळपटपणाच देखणा वाटतो. आतलं मात्र चालत नाही. बटणाच्या टोकावर बारीक काळे ठिपके पडतात, कारण दर वेळी सर्किट जुळताना आणि तुटताना तिथे ठिणगी उडते. ते टोक घासलं नाही की बटण गरम व्हायला लागतं, वाफ कमी होते, आणि माणूस उगाच कॉइलला दोष देत बसतो. रॉकेलच्या पितळी स्टोव्हला जशी रोज पिन मारावी लागायची, तसाच हा प्रकार. मी इंडियन दुकानातून पितांबरी आणली. सगळे भाग सुटे करायचे, बटणाच्या खालची पांढरी इन्सुलेटर चकती जपून बाजूला ठेवायची, घासायचं, धुवायचं, आणि पूर्ण वाळेपर्यंत जोडायचं नाही. आट्यांत पावडर राहिली की पुढच्या वेळी नळी उघडताना करकरते. रविवारची अर्धी सकाळ जाते. ज्याला हे आवडतं त्याच्यासाठीच ही वस्तू आहे.

धोक्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानदार यावर दोन वाक्यांत उरकतात. बहुतेक ट्यूब मेकमध्ये ड्रिपरची मधली पिन थेट सेलच्या धन टोकावर टेकते. ती पिन भोवतालच्या आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेली असलीच पाहिजे. आटे ही ऋण बाजू. पिन आत दबलेली असेल तर आटे सेलच्या डोक्याला टेकतात आणि बटण दाबताच कॉइल वगळून थेट शॉर्ट होतो. टाक्यांची (ड्रिपरऐवजी लावायच्या, लिक्विड भरून ठेवायच्या भागाची) पिन बऱ्याचदा आखूड किंवा स्प्रिंगची असते, म्हणून अशा थेट टेकणाऱ्या, म्हणजे हायब्रिड मेकवर टाकी लावूच नये. दुसरं, सेलचं प्लास्टिकचं आवरण. सेलचं अख्खं शरीर ऋण असतं, फक्त डोक्याचा मधला ठिपका धन, आणि दोघांमध्ये आवरणाची कड आणि एक कागदी चकती एवढंच. कडेला नखाएवढा ओरखडा दिसला तरी सेल वापरायचा नाही. नवं आवरण चढवून केसांच्या ड्रायरने आवळून घेता येतं, काम पाच मिनिटांचं. तिसरं, बटणाची कडी. खिशात टाकताना फिरवून बंद केली नाही तर बटण दाबलेलं राहतं आणि सेल तापत जातो.

मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला ३८ वर्षांचा एक माणूस मॉड फुटून गेला. तो मेक होता. त्याआधी २००९ ते २०१६ या काळात अमेरिकेत ई-सिगारेट पेटण्या-फुटण्याच्या १९५ घटना बातम्यांत आल्या, अशी मोजदाद तिथल्या सरकारच्या अग्निशमन विभागाने केली आहे. त्या सगळ्या मेकच्या नव्हत्या. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकला तर पेटायला मॉड लागतच नाही. पण बंद नळीत सेल बिघडला तर वायूला वाट हवी. म्हणून नळीला भोकं आहेत का आणि ती मळाने बुजली नाहीत ना, हे बघायचंच.

रेग्युलेटेडचं मोल मला एका संध्याकाळी नीट कळलं. ड्रिपरचा स्क्रू आवळताना त्याने तारेचा पाय अर्धवट कापला आणि तुटलेलं टोक डेकच्या (ड्रिपरमधल्या कॉइल बसवायच्या जागेच्या) भिंतीला टेकलं. बाहेरून काही दिसत नव्हतं, लिक्विड शोषणारा कापूस भरलेला होता. डब्यावर चढवून बटण दाबलं तर स्क्रीनवर 'शॉर्ट', वाफ शून्य. उघडलं, तार बदलली, प्रकरण संपलं. तीच कॉइल तपासल्याशिवाय नळीवर गेली असती तर तिथे विचारणारं कोणी नव्हतं. नुसती ०.१ ओहमपर्यंत घसरली असती तरी ४२ अँपिअर झाले असते, आणि माझा सेल २० अँपिअरचा. सेल नाही म्हणत नाही, देत राहतो. तेव्हापासून नळीवर चढणारी प्रत्येक कॉइल आधी डब्यावर ओहम बघूनच चढते. म्हणजे मेक सुरक्षित वापरायचा तर शेजारी रेग्युलेटेड लागतोच.

एक गोष्ट अनुभवी लोकही उलटी सांगतात. मेकमध्ये सेलवरचा भार कॉइल ठरवते आणि सेल उतरला की करंट कमी होतो. रेग्युलेटेडमध्ये भार ठरवतात वॅट. कॉइल ०.२ ची असो की ०.६ ची, ७० वॅट मागितले की चिप सेलकडून ७० वॅट आणि वर आपली दहाएक टक्के दलाली ओढणार. सेल उतरला की व्होल्टेज कमी, म्हणून तेवढेच वॅट द्यायला करंट उलट वाढतो. माझ्या दोन सेलच्या डब्यात ७० वॅटला, ३.२ व्होल्टवर, प्रत्येक सेलवर साधारण १२ अँपिअर येतात. आरामात. पण एका १८६५० वर '८० वॅट' लिहून विकतात, तिथे हाच हिशोब २७-२८ अँपिअरवर जातो. सॅमसंगचा २५आर सेल २५०० मिलिअँपिअर-तासांचा आणि २० अँपिअरचा. त्याच्याकडून हे मागणं अन्याय आहे. एका सेलच्या डब्यावर ५० वॅटच्या वर मी जात नाही.

सेल घेताना स्वस्ताई करू नका. १८६५० वर ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं दिसलं तर तो सेल खोटाच; त्या आकारात तेवढं बसत नाही. दोन सेलच्या डब्यात दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे. जोडी एकदा लावून दिली की मोडायची नाही. मी सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावतो. डब्याचा यूएसबी पोर्ट चालतो, पण सगळ्यात आधी मरतो तोच. माझ्या आधीच्या डब्याचा मेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "चार्जर घ्या." दुरुस्तीबद्दल ब्र नाही.

रेग्युलेटेडचं दुखणं हेच. चिप गेली की डबा गेला. माझी पितळी नळी नातवंडांच्याही उपयोगी पडेल, फक्त त्यांनी ती वेपसाठी वापरू नये. डब्याचं दार चुंबकाचं आहे, काही महिन्यांत ते खुळखुळायला लागलं. मेनू इतका खोल की पफ मोजायचा आकडा शून्य करायला चार वेळा आत-बाहेर करावं लागतं. तो आकडा कोणाला हवा असतो कुणास ठाऊक. तापमान नियंत्रण २०१४ मध्ये डीएनए ४० चिपबरोबर आलं आणि तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. स्टीलची तार तापली की तिचा रोध वाढतो, त्यावरून चिप तापमान ओळखते आणि कापूस जळण्याआधी थांबते. कल्पना फक्कड. कँथल (कॉइलसाठी नेहमी वापरतात तो मिश्रधातू) तारेवर ते चालत नाही, कारण तिचा रोध तापूनही हलत नाही म्हटलं तरी चालेल. मी स्टीलवर वापरलं, चाललं, आणि हळूहळू परत साध्या वॅटवर आलो. कापूस कोरडा पडतोय हे ओळखायला जीभ पुरते.

मेकची हवा झाली त्या काळी, २०१३-१४ च्या आसपास, साध्या रेग्युलेटेडमध्ये एवढी ताकदच नव्हती. मोठी वाफ हवी तर नळीच घ्यावी लागे. आज दोनशे वॅटचे डबे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, तेव्हा ते कारण गेलं. उरली ती हौस, आणि हौसेला मी नावं ठेवणार नाही. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला त्या नळीचे आटे रेशमासारखे फिरताना जे सुख होतं ते स्क्रीन देत नाही.

खर्चाचं बघा. ड्रिपरवर ७० वॅटला लिक्विड पाण्यासारखं जातं. इथे निकोटीनवालं लिक्विड १० मिलीच्याच बाटलीत आणि २० मिलिग्रॅमपर्यंतच मिळतं, म्हणून आम्ही ५० मिलीची बिननिकोटीनची बाटली घेऊन त्यात १८ मिलिग्रॅमची एक छोटी बाटली ओततो. ६० मिली, ३ मिलिग्रॅम. आता १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलीला २ पौंड २० पेन्स कर लागायचा ठरला आहे, निकोटीन असो वा नसो. म्हणजे या एका मिश्रणावर १३ पौंड २० पेन्स, वर व्हॅट. मोठ्या वाफेचे दिवस खिशातूनच संपणार.

म्हणून आता डब्यावर १.२ ओहमची कॉइल असलेली २ मिलीची छोटी टाकी लावली आहे. १३ वॅट, सिगारेटसारखा आखूड झुरका, घशाला बरोबर लागतो आणि सेलची जोडी दोन दिवस जाते. नळीवरही १.२ ओहमची कॉइल ड्रिपरमध्ये घालून चालते. भरलेल्या सेलवर साडेतीन अँपिअर, सेलला जाणवतही नाही. पण एवढ्याशा झुरक्यासाठी पाव किलो पितळ कोण खिशात घेऊन फिरणार?